ताईच्या बुटाची चाल

मी एक जुना बूट आहे, तोही डावा. मित्रांनो, नाके मुरडू नका. 'पायीची वहाण पायीच बरी' असे म्हणून माणसांनी आमची पायरी केव्हाच ठरवून टाकली आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही सांगतो, अख्ख्या बँडला ताल देणारा बूट तुम्ही दुसरा पाहिला नसेल. बढाई वाटली तर वाटू द्या, पण आधी ऐका.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या दुकानात झाला. तिथे कातडे, सरस आणि मेण यांचा वास भरलेला असे. माझी मालकीण, म्हणजे ताई, तेव्हा विशीतली होती. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा थोडा आखूड. म्हणून कारागिराने माझा तळ जाड केला आणि टाचेला लोखंडी नाल ठोकली.

"आता कुणाला कळणार नाही ना?" तिच्या आईने विचारले.

"उभी राहिली तर नाही कळणार," कारागीर म्हणाला. "चालली की थोडं कळणारच, बाई."

तसे ते कळतच असे. ताईचे एक पाऊल लांब पडे, एक आखूड. शाळेत पोरांनी तिला त्यावरून नको नको ते ऐकवले होते. म्हणून तिला पियानो आवडे. बसलेल्या माणसाचे पाय कोण बघतो?

मला घालून ती पहिल्यांदा गेली ती स्विंग वाजवणाऱ्या एका बँडकडे. स्विंग म्हणजे जॅझमधला झुलता ठेका. कागदावर सूर एकसारखे लिहिलेले असतात, वाजवताना मात्र एक लांबवायचा आणि पुढचा आखडायचा. ताईने कागदावर होते तसे बिनचूक वाजवले. ड्रम वाजवणारा दादा त्या बँडचा प्रमुख होता. तो हसला.

"छान वाजवतेस गं, पण इस्त्री केल्यासारखं. आत्ता दारातून चालत आलीस ना, तसं वाजव."

ताईचे डोळे भरून आले. ती तडक उठली आणि दाराकडे निघाली. दादाने काड्या उचलल्या आणि तिच्या पावलांबरोबर वाजवू लागला. लांब-आखूड, लांब-आखूड. माझाच आवाज मला मागून ऐकू येत होता. ताई अर्ध्या वाटेत थांबली.

"थट्टा नाही करत," दादा म्हणाला. "तुझ्या चालीतच चाल आहे. आम्हाला ती घोटून घोटून आणावी लागते."

ताई परत फिरली आणि पियानोपाशी बसली. तेव्हापासून ती जागा तिचीच झाली.

उजवा बूट, माझा भाऊ, पियानोच्या पेडलवर असे. कामाला वाघ, पण बोलायला घुमा. मी मोकळा. चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मी टाच आपटायचो, टक्, टक्. ट्रम्पेटवाला घाईला आला किंवा खर्जातल्या जाड तारा छेडणारा बासवाला रेंगाळला, की माझी टाच दोघांना जागेवर आणी. पुढे नवी गाणी आली, बाकीचे बँड मोडले. ताईने मात्र तरुण मुलांना हाताशी धरून तोच ठेका जिवंत ठेवला. लोक टाळ्या वाजवायचे ते तिच्या बोटांसाठी. मला कुणी विचारले नाही. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

एक सवय मात्र ताईने कधी सोडली नाही. पडदा उघडण्याआधी ती पियानोपाशी बसलेली असे आणि पडदा पडल्यावरच उठे. प्रेक्षकांनी तिला कधी चालताना पाहिलेच नव्हते.

मग दादाचे हात थरथरू लागले आणि त्याच्या जागी त्याची मुलगी आली. त्याच सुमारास आम्ही दर शनिवारी वाजवायचो त्या हॉलच्या मालकाने बजावले, "या शनिवारी लोक नाचायला उठले तर शनिवार तुमचे. नाहीतर मी गाणी मशीनवर लावणार."

नेमकी तेव्हाच माझी नाल झिजली. दुरुस्तीवाल्या काकांनी ती काढून टाचेत राहिलेल्या खिळ्यांवर जाड रबर चिकटवले. "आता पाऊल कसं लोण्यासारखं पडेल!" ते खुशीत म्हणाले. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण माझी वाचाच गेली.

शनिवारी मी जीव तोडून टाच आपटत होतो आणि आवाज फुटत नव्हता. ट्रम्पेट पळाला, बास मागे राहिला, दादाची मुलगी भांबावून कागदाला चिकटली. नाचायला उठलेली दोन-तीन जोडपी परत जाऊन बसली. मध्यंतराचा पडदा पडताच ट्रम्पेटवाला त्या मुलीवर घसरला.

"हिला स्विंग येतच नाही!"

"नाचता येईना अंगण वाकडे," ताई म्हणाली. "तू काय कमी पळत होतास?"

मुलगी रडवेली झाली होती. "ताई, बाबांबरोबर तालमीला बसायचे ना मी, तेव्हा ते टक् टक् ऐकू यायचं. आज ते नाहीच आहे."

ताईने खाली माझ्याकडे पाहिले. इतकी वर्षे तिलाही वाटत होते की बँड तिची बोटे ऐकतो. तिने मला पायातून काढले, उलटे केले आणि बासवाल्याच्या स्क्रू ड्रायव्हरने ते रबर उचकटून टाकले. मला पुन्हा पायात घालते न घालते तोच पडदा उघडू लागला. ताई रंगमंचाच्या एका टोकाला आणि पियानो दुसऱ्या टोकाला! तिने मला एक पाऊल मागे घेतले. आता ही पडदा पाडायला सांगणार, असे मला वाटले.

"कागद बाजूला ठेव," ती मुलीला म्हणाली. "मी चालते, तू वाजव."

आणि ती भरल्या हॉलसमोर चालू लागली. लांब-आखूड, लांब-आखूड. माझ्या टाचेचे उघडे खिळे फळ्यांवर खणखणीत वाजत होते. तिसऱ्या-चौथ्या पावलाला मुलीच्या काड्या माझ्याशी जुळल्या. मग बास आला, मग ट्रम्पेट. ताई पियानोपाशी बसली तेव्हा ठेका तयारच होता, तिची बोटे नुसती त्यात उतरली. नाचायला सर्वांत आधी उठले ते प्रेक्षकांत बसलेले दादा आणि वहिनी. मग कुणाला बसवेना.

मालकाने शब्द पाळला. वर म्हणाला, "ताई, हा बूट मला द्या. दाराशी काचेच्या कपाटात ठेवतो, वर दिवा लावतो." काचेचे कपाट! मी तर हरखूनच गेलो.

"मग शनिवारी ताल कोण देणार, तुमचं कपाट?" असे म्हणून ताईने मला थेट दुकानात नेले आणि नवी नाल ठोकून घेतली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, जुनी गाणीही जपा. झिजली तर दुरुस्त करा, पण त्यांचा आवाज काढून घेऊ नका आणि त्यांना काचेमागे बसवू नका. आता दर शनिवारी पडदा उघडल्यावर ताई सगळ्यांसमोर चालत येते आणि मी तिच्याबरोबर वाजत येतो. ती जुनी म्हण मला आता मुळीच टोचत नाही. पायीची वहाण पायीच बरी!