दहातली दोन तोंडं

मित्रांनो, दचकू नका. माझे डोळे बटबटीत आहेत, मिशा वर वळलेल्या आहेत आणि दात ओठांबाहेर आलेले आहेत, पण हे सगळं लाकडाचं आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात शिमग्याला सोंगं घेऊन नाचायचे नमन-खेळे होतात, त्यातला मी रावणाचा मुखवटा. वयाची चाळिशी कधीच उलटली. स्वभाव कडू आहे. जन्मतः तो तसा नव्हता, माणसांनी केला.

मला भिकाजी नावाच्या कारागिराने घडवलं. त्याने पांगाऱ्याचं खोड आणून वर्षभर सावलीत वाळत ठेवलं. पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, नाहीतर दहा तोंडं डोक्यावर घेऊन कोण नाचणार? मधलं मोठं तोंड चेहऱ्यावर बांधायचं. त्याच्या डावीकडे चार आणि उजवीकडे पाच लहान तोंडं, सगळी एका लाकडी पट्टीवर स्क्रूने बसवलेली. चिंचोक्याची खळ लावून त्यावर सुती कापड चढवलं आणि मग रंग दिला. भिकाजीने प्रत्येक तोंडाला वेगळा राग दिला होता. एक तोंड पंगतीत वाढायचं राहून गेलेल्या माणसासारखं चिडलेलं आहे, तर एक बांधावरून भांडायला उठलेल्या शेजाऱ्यासारखं.

पंचवीस वर्षं मला आत्मारामने बांधलं. तो भाताचे भारे उचलणारा दणकट माणूस. मी त्याच्या चेहऱ्यावर चढलो की मृदंगवाला लय वाढवायचा आणि पुढे बसलेली पोरं आयांच्या पदरात तोंड लपवायची. मित्रांनो, माझ्यासारख्याला याहून मोठी शाबासकी नसते. खेळ संपला की लोक आत्मारामला नारळ द्यायचे. भिकाजी मात्र मागे उभा राहून माझ्या रंगाचा टवका कुठे उडालाय का, तेवढं बघून घरी जायचा. त्याला कोणी कधी पुढे बोलावलं नाही.

आत्मारामचे गुडघे गेले तेव्हा मंडळाचा प्रमुख सखाराम मला बांधू लागला. तोवर गावातली निम्मी तरणी माणसं मुंबईला गेली होती. एका वर्षी तर मुंबईकरांनी चकचकीत फायबरचा मुखवटा पाठवला आणि मला गोणत्यात घालून देवळाच्या माळ्यावर टाकलं. तिथे मी चार पावसाळे काढले. भुंग्याने मला पोखरलं, वाळवीने पट्टी धरली आणि उजवीकडची शेवटची दोन तोंडं भुसा होऊन गळून पडली. त्याच काळात भिकाजी वारला. हे मला खाली चाललेल्या बोलण्यातून कळलं. मला सांगायला कोण येणार?

पुढे फायबरच्या रावणाला तडा गेला, तेव्हा यांना माझी आठवण झाली. म्हातारा आत्माराम मला एसटीने देवरुखला घेऊन गेला, भिकाजीच्या मुलीकडे. तिचं नाव दर्शना. ती गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवायची, गणपतीच्या दिवसांत मूर्तींचे डोळे रेखायची आणि उरलेल्या वेळी बापाची वाकस आणि पटाशी घेऊन लाकडाशी झटायची. तिने मला उन्हात ठेवून झाडलं, भोकाभोकांत औषध भरलं. दीड महिना खपून तिने दोन नवी तोंडं कोरली, रंगवली आणि मला पुन्हा दहातोंडी केलं. आत्माराम न्यायला आला तेव्हा तो बराच वेळ नुसता हात फिरवत बसला.

त्या शिमग्याला मी पुन्हा नाचलो. सखारामने गावात सांगितलं की, देवरुखच्या एका सुताराकडून काम करून घेतलं. खरं काय ते त्याला आणि आत्मारामला माहीत होतं. दर्शनाही काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, असं माझं मत आहे. गप्प राहणाऱ्या माणसांचा मला सखारामपेक्षा जास्त राग येतो.

मग ती जाहिरात आली. कुठल्याशा कला न्यासाने लोककलेतल्या कारागिरांसाठी एक पाठ्यवृत्ती काढली होती. निवडलेल्या कलावंताला वर्षभर लाकूड, रंग, अवजारं पुरवायची, मोठ्या कारागिरांकडे शिकायला पाठवायचं आणि शेवटी त्याच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं. जिल्ह्यातून एकालाच मिळणार होती. फॉर्मसोबत दोन गोष्टी हव्या होत्या, आपल्या कामाचा फोटो आणि ते काम आपलंच असल्याचं गावच्या मंडळाचं पत्र.

दर्शना सखारामच्या घरी आली. मी तिथेच पडवीत खुंटीला होतो. ती त्याला काका म्हणत असे. तिने पत्र मागितलं. त्याने तिला बसायलाही सांगितलं नाही.

"फॉर्म मी भरलाय मंडळाच्या नावानं. फोटो ह्याचाच लावलाय," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. "आणि बाईमाणसानं रावणाच्या तोंडाला हात लावलान, हे मी कागदावर लिहून देऊ? उद्या गाव मला काय म्हणंल?"

"दोन वर्षं तीच तोंडं डोक्यावर घेऊन नाचलात, काका. तेव्हा गाव काही म्हणालं नाही."

"गावाला म्हायती न्हवतं."

"म्हणजे अडचण माझ्या हाताची नाही, कागदाची आहे," ती म्हणाली.

मग सखारामचा आवाज चढला. बावीस वर्षं त्याने हे मंडळ ओढलं होतं. मृदंगाला शाई लावण्यापासून फाटके झगे शिवण्यापर्यंत सगळं तो स्वतः करत आला होता. "माज्या नावाचा एक कागद न्हाय या घरात," तो म्हणाला. "आता कुटं मिळायची वेळ आली, तर तू आडवी आलीस." त्याचं हे म्हणणं खोटं नव्हतं, मित्रांनो. पण आपल्याला मिळालं नाही म्हणून दुसऱ्यालाही मिळू द्यायचं नाही, हा हिशेब मला अजून पटलेला नाही. दर्शना पत्राशिवाय गेली आणि तिने पत्राशिवायच फॉर्म धाडला.

दोघांच्या फॉर्मवर एकाच मुखवट्याचा फोटो. म्हणून न्यासाने दोघांना एकाच दिवशी रत्नागिरीला बोलावलं आणि मुखवटाही आणायला सांगितलं. सखारामने मला गोणत्यात बांधून एसटीत घेतलं. दर्शना त्याच गाडीत दोन बाकं पुढे बसली होती. हातखंबा येईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही आणि त्याने खिडकीतून नजर काढली नाही.

मांडवीजवळच्या एका सभागृहात मला टेबलावर ठेवलं. समोर तिघं होती. मुंबईहून आलेल्या अध्यक्ष बाई, कागद बघणारे एक गृहस्थ आणि दाभोळचे हमीदभाई. हमीदभाईंचा जन्म लाकडी होड्या बांधण्यात गेला होता. बाईंनी सरळच विचारलं, की मुखवटा एक आणि अर्ज दोन, तर हे काम कोणाचं?

सखाराम आधी बोलला, आणि तो काय बोलेल हे मीदेखील ओळखलं नव्हतं. त्याने ते काम स्वतःचं म्हटलं नाही.

"हे कैलासवासी भिकाजीचं काम," तो हात जोडून म्हणाला. "दहाच्या दहा तोंडं त्याच्या हातची. मंडळानं जीव लावून सांभाळली. ही त्याची मुलगी. बापाच्या मायेपोटी फॉर्म भरलान असंल."

मित्रांनो, माझ्या अंगात दहा जिभा आहेत, पण त्या क्षणी एकही हलली नाही. आता दर्शनाने खरं सांगितलं, तर ती मेलेल्या बापाच्या कामातून वाटा काढून घेणारी ठरणार होती. खोलीतली सगळी तिच्याकडे बघत होती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"आठ बाबांची," ती शेवटी म्हणाली. "दोन माझी."

"बाप जाऊन सहा वर्षं न्हाय झाली," सखाराम तिच्याकडे न बघता पुटपुटला, "आणि हिला त्याचं नाव जड झालं."

हमीदभाई उठून माझ्यापाशी आले. त्यांनी दोघांना एकच प्रश्न विचारला. या दहांत वाईट झालेलं तोंड कोणतं?

सखाराम म्हणाला की वाईट एकही नाही, भिकाजीच्या हातून वाईट काम व्हायचंच नाही.

दर्शना पुढे आली. तिने उजवीकडच्या शेवटच्या तोंडावर बोट ठेवलं. "हे. याची हनुवटी मी जास्त तासली. बाबांसारखंच व्हायला हवं, या धास्तीने हात थांबलाच नाही. आणि बाकीची समोर बघतात, हे खाली बघतं. रंगात झाकायचा प्रयत्न केला, पण नाही झाकलं."

दोन वर्षं मी त्या तोंडासकट मिरवत होतो. राग आला मला. पण ती म्हणत होती ते खरं होतं. हमीदभाईंनी त्या हनुवटीवरून अंगठा फिरवला, मग शेजारच्या तोंडावरून, मग भिकाजीच्या एका तोंडावरून.

"बाई, ही पोरगी खरं बोलते," ते अध्यक्षांना म्हणाले. "दोन हात वेगळे आहेत."

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला गोडाचं काहीतरी सांगितलं असतं. पण कागद बघणाऱ्या गृहस्थांनी नियम काढला. पाठ्यवृत्ती एका कलावंताला द्यायची होती, मंडळाला नाही, म्हणून सखारामचा अर्ज बाद. दर्शनाच्या अर्जाला मंडळाचं पत्र नाही, म्हणून तोही बाद. हमीदभाई खूप भांडले. बाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी सही केली. त्या वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातून कोणाचीच निवड झाली नाही. दोघंही रिकाम्या हाताने एकाच एसटीने परत आली.

घरी आल्यावर सखारामने पडवीत बसून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दर्शनाची दोन्ही तोंडं माझ्या पट्टीवरून उतरवली. वर्तमानपत्रात गुंडाळून ती देवरुखला तिच्या दुकानी पाठवून दिली. वर चिठ्ठी लिहिली, "तुझं तुला."

फाल्गुनात शिमगा आला. देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येऊन बसली होती. दुपारच्या उन्हात सगळा गाव तिथे गोळा झालेला. सखारामने मला चेहऱ्यावर बांधलं आणि तो नाचत पुढे आला. पुढे बसलेली पोरं मला घाबरली नाहीत. त्यांनी बोटं करून माझी तोंडं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सगळी मिळून सुरात मोजत होती. आठाशी आली आणि थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजली. पुन्हा आठच. कोणीतरी हसलं आणि हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं.

मी सखारामच्या चेहऱ्याला चिकटलेला होतो. त्याचा श्वास माझ्या आतल्या लाकडावर गरम लागत होता. त्याचे पाय चुकले. मृदंग थांबला.

आत्माराम खुर्चीवर बसला होता. त्याने काठी टेकली, पण उठला नाही. बसल्या जागेवरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"दोन तोंडं भिकाजीच्या दर्शनानं केली होती. ती या सख्याला चालली न्हाईत. म्हणून तुमचा रावण यंदा आठ तोंडांचा."

गावाने काय केलं असेल? काही नाही. आभाळ कोसळलं नाही, कोणी विटाळ म्हणून पाणी शिंपडलं नाही. एक म्हातारी एवढंच म्हणाली, मग तिलाच बोलवा की, आणि बसवा तोंडं. सखारामला ज्या गावाची भीती होती ते एवढंच निघालं. उरलेला खेळ तो माझ्या आत शिरून तसाच नाचला. त्याच्या डोळ्यांचं पाणी माझ्या लाकडात मुरलं. तो घाम नव्हता, हे मी खात्रीने सांगतो. ते पाणी लाजेचं होतं की संतापाचं, हे मात्र मला कळलं नाही.

चौथ्या दिवशी तो मला घेऊन देवरुखला गेला. दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्याने दर्शनाला एक कागद दिला. तिने वाचला आणि परत त्याच्या हातात ठेवला.

"दुरुस्ती केली, असं लिहिलंय. दुरुस्ती नाही केली. दोन तोंडं घडवली."

त्याने खिशातून पेन काढलं. मग 'दुरुस्ती' खोडलं, वर 'घडवली' लिहिलं आणि खोडलेल्या जागी पुन्हा सही केली. तिने दोन्ही तोंडं काढून माझ्या पट्टीवर बसवली. हनुवटी बिघडलेलं तोंड तिने बदललं नाही. सखारामला ती 'या' म्हणाली नाही आणि तो बसला नाही. आजही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

ते पत्र जोडून दर्शनाने पुन्हा फॉर्म धाडला आणि यंदा तिची निवड झाली. सध्या दर्शना दाभोळला हमीदभाईंकडे लाकूड वाळवण्याची त्यांची पद्धत शिकते आहे. सखाराम गावभर सांगतो की पाठ्यवृत्ती त्याच्या पत्रामुळे मिळाली. एका अर्थी बरोबरच आहे, आणि म्हणूनच ते ऐकून माझी दहाही तोंडं कडू होतात.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका. गोणत्यात कोंबू नका, सुती कापडात ठेवा, वर्षातून दोनदा ऊन दाखवा. एवढं केलंत तर मी अजून चाळीस वर्षं नाचेन. पण माझी काळजी घेतलीत आणि मला घडवणाऱ्यांची घेतली नाहीत, तर पुढच्या वेळी भुंगा लागेल तेव्हा कोणाच्या दारी जाल? तुमच्या गावात कोणी मुखवटे कोरत असेल, झगे शिवत असेल, मृदंग मढवत असेल, तर त्याचं नाव, काम आणि साल आजच लिहून ठेवा आणि खाली सही करा. ते पत्र मागायला त्याला तुमच्या पडवीत उभं राहायला लावू नका.