चार बोटं कमी

मी खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटलं की लोकांना लगेच पद, मान वगैरे आठवतं. तसलं काही मनात आणू नका. मी विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये, शिकाऊ हातांनी पहिल्यांदाच केलेली खुर्ची. माझा एक पाय किंचित आखूड आहे आणि कुणी बसलं की मी कुरकुरते. स्वभावच तो, काय करणार.

ते वर्कशॉप एका वयस्कर बाईंच्या देणगीवर चालायचं. लाकूड, करवती, यंत्रं, सगळं त्यांच्या पैशातून. अट एवढीच की मुलांनी पुस्तकातून डोकं वर काढावं आणि स्वतःच्या हाताने काहीतरी करून पाहावं.

मला केलं एका विद्यार्थिनीने. तिच्या वडिलांचा गुडघा वाकत नाही. साध्या खुर्चीतून उठायला त्यांना कुणाचा तरी आधार लागतो. म्हणून तिला उंच हातांची खुर्ची करायची होती. हातांवर जोर द्यायचा आणि आपलं आपण उठायचं. तिने मला घासलं, परत घासलं, एकदा चुकून स्वतःचा अंगठाही घासला. मी आपली धास्तावलेली. जमेल ना आपल्याला हे?

नाही जमलं. वडील वर्कशॉपमध्ये आले, माझ्यावर बसले आणि बसूनच राहिले.

"चांगली झालीय गं," ते म्हणाले. "उठूच देत नाही."

"बाबा, चेष्टा पुरे."

"चेष्टा कुठली? हात दे गं आधी."

उठवण्याआधी तिने त्यांच्या कोपराखाली आपली बोटं धरून पाहिली. माझे हात चार बोटं कमी पडत होते.

"आता कळलं कुठे चुकलं ते," ती म्हणाली. "दुसरी करते."

मला वाईट वाटलं नाही, खरंच. थोरलीच्या चुका धाकटीच्या कामी आल्या असत्या, तर तेवढं मला पुरलं असतं.

तेवढ्यात देणगीवाल्या बाई भेटीला येणार असं कळलं. पुढचे पैसे द्यायचे की नाही, ते त्या बघून ठरवणार होत्या. विभागप्रमुख सरांनी सगळ्यांना बोलावलं. एकही वेडंवाकडं काम दिसता कामा नये, म्हणाले. मुलांनी भुसा झाडला, टेबलांवरचे डिंकाचे डाग खरवडले. मोडके नमुने, डुगडुगणारे दिवे आणि मी, सगळ्यांची रवानगी मागच्या कोठीत झाली.

"सर, खुर्ची तरी राहू द्या ना," ती म्हणाली.

"आणि बाई बसल्या नि ही कुरकुरली म्हणजे?"

दाराआडून मला सगळं ऐकू येत होतं.

"किती चकचकीत ठेवलंय हो," बाई म्हणाल्या.

"रोज असंच असतं," सर म्हणाले.

"रोज?" बाईंनी विचारलं. "मग मुलं काम कुठे करतात?"

सर भिंतीवरचे फोटो दाखवू लागले. मला करणारी मुलगी बोलायला गेली, "बाई, आतल्या खोलीत एक..."

"आत नुसती अडगळ आहे," सर घाईने म्हणाले.

मला ओरडावंसं वाटत होतं. पण कुणी बसल्याशिवाय माझा आवाज फुटत नाही.

बाईंनी देणगी दुसरीकडे वळवली. इथे वापरच होत नाही, असा त्यांचा समज झाला. यंत्रं गेली, त्या जागी संगणक आले. धाकटीच्या फळ्या नुसत्या कापून झाल्या होत्या, त्याही भंगाराबरोबर गेल्या. मुलगी निरोपाला कोठीत आली आणि माझ्यावर बसली. मी कुरकुरले.

"आता बोलतेस होय," ती म्हणाली. मग बराच वेळ माझ्या हातावरून हात फिरवत राहिली. मला घरी नेलं नाही. नेऊन तरी काय, मी तिच्या बाबांना उठू देत नाही.

हल्ली मी जिन्याखाली असते. लोक माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधतात. तक्रार नाही. एवढंच सांगायचंय, तुमच्याकडे कधी असं कुणी बघायला आलं, तर आमच्यासारख्यांना लपवू नका. दारातच ठेवा, पाहुण्यांना बसवा. आम्ही कुरकुरू, पण खरं तेच सांगू.

तिकडे एका घरात अजून रोज कुणीतरी म्हणत असेल, हात दे गं आधी.