पाय धुण्याचा तास

मुख्याध्यापकांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून टबात पाय ठेवला आणि वर्गात खसखस पिकली. ज्यांना नुसतं पाहून पोरांची बोबडी वळायची, त्यांची पोटरी अगदीच काडीपैलवानाची निघाली.

"हसा, पण बघा नीट," आरोग्य केंद्रातून आलेल्या नर्सबाई म्हणाल्या. "हत्तीरोगाने सुजलेला पाय रोज असा धुवायचा. हा रोग डासांमुळे पसरतो. हात लावल्याने नाही."

मागच्या बाकावरच्या बारकीने मान खाली घातली. तिच्या आजोबांचा पाय असाच सुजलेला होता, आणि तिने ते वर्गात कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं तर आपल्या शेजारी कोण बसणार, या धास्तीने ती मैत्रिणींनाही घरी बोलवत नसे. आजोबा तर कुणाची चाहूल लागली की आतल्या खोलीत जायचे.

सरांचा पाय धुवायला वर्गातला दांडगोबा पुढे झाला. त्याने कपड्यांचा ब्रश उचलला आणि वर्षभराच्या उठाबशांचं उट्टं काढल्यासारखा घासू लागला.

"अरे, सोलतोस काय मला?" सर कळवळले.

"ब्रश नको," बारकी बोलून गेली. "कातडी सोलवटते. हाताने, हळूच. आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नाहीतर चिघळतात."

सगळा वर्ग मागे वळला.

"तुला गं कसं माहीत?" दांडगोबाने विचारलं.

आता लपवून उपयोग नव्हता.

"माझ्या आजोबांचा पाय मीच धुते."

दांडगोबाने ब्रश खाली ठेवला.

"मग ये की पुढे. माझं काम सरांना झेपत नाहीये."

बारकीने धुऊन, टिपून दाखवलं. सर डोळे मिटून बसले होते. त्यांना डुलकी लागली असावी.

संध्याकाळी दाराशी गलका झाला. दांडगोबा आणि चार पोरं साबण घेऊन उभी होती. आजोबांना उठून आत जायला वेळच मिळाला नाही. त्यांनी घाईने पायावर चादर ओढली.

"आजोबा, आम्हाला शिकायचंय," दांडगोबा म्हणाला. "सर आता पाय देत नाहीत."

बारकीने आनंदाने धावत जाऊन पाण्याची बादली आणली. आजोबांनी एकवार तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच चादर बाजूला केली.

"या," ते म्हणाले. "पण एकेकाने. मला गुदगुल्या फार होतात."