आधी पिवळा रंग

फोटो छापताना सर्वांत आधी पिवळा रंग उमटतो. तो इतका फिका असतो की कागदावरून कुणी हळदीच्या पाण्याचा हात फिरवला आहे असं वाटावं. नीट पाहिलं तर त्यात कपाळ दिसतं, सदऱ्याची बाही दिसते, मागचा डोंगरही दिसतो. पण सगळं पुसट. मग कागद पुन्हा आत जातो आणि किरमिजी रंग घेऊन येतो. परत आत जातो, निळा घेऊन येतो. शेवटच्या फेरीत त्यावर एक पारदर्शक थर बसतो, म्हणजे ओलं बोट लागलं तरी रंग हलत नाहीत. मधल्या एखाद्या फेरीत कुणी कागद ओढला, तर फोटो तिथेच अर्धा राहतो.

मित्रांनो, मी प्रवासात बरोबर न्यायचा एक छोटा फोटो प्रिंटर आहे. चार पोळ्या मावतील अशा डब्याएवढाच माझा आकार. आता मी जुना झालो आहे आणि माझ्या मापाची रंगीत फीत दुकानात मिळेनाशी झाली आहे. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. माझ्यावर एकदा एक ठपका आला होता, तो पुसला गेला, आणि त्यानिमित्ताने एका माणसाचं मोठं नुकसान टळलं. तेव्हापासून माझं मन हलकं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या गोष्टी मला फारशा आठवत नाहीत. आठवतात ते पांढरे हातमोजे आणि माझ्यातून छापून पाहिलेला पहिला फोटो, फुलदाणीचा. मग खोकं, अंधार, जहाजाची धडधड आणि मुंबईतल्या एका दुकानाची काच. २००५ च्या दिवाळीआधी हेमांगीने मला तिथून विकत घेतलं आणि वसईला आणलं.

वसईत माणिकपूरहून रिक्षाने आत गेलं की वाड्या लागतात. त्यातल्या एका वाडीत हेमांगीचं घर. ती वालीवच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करायची. तिचे वडील भालचंद्र वाडी पाहायचे. केळी, पानवेल, थोडी फुलं असं सगळं होतं, पण त्यांचा जीव सुकेळ्यांत. राजेळी केळी पूर्ण पिकली की ती सोलून बोरूच्या मांडवावर उन्हात वाळवायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी परतायची आणि मधासारखा रंग आला की केळीच्या वाळक्या पानात बांधायची. केळं पिकलं की नाही हे सालीच्या रंगावरून फक्त भालचंद्र ठरवत. त्यात घरातल्या कुणी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत होती.

त्या घराची दुसरी रीत म्हणजे दिवाळीनंतरची सहल. सहलीला एक जाड वही बरोबर असे. संध्याकाळी मुक्कामावर पोहोचल्यावर हेमांगी कॅमेऱ्याची वायर मला जोडायची आणि दिवसातले दोन-तीन फोटो छापायची. तिची आई प्रेमलता ते वहीत चिकटवायची. बाजूला बसचं तिकीट, एखादं पान, देवळातलं फूल. खाली वळणदार अक्षरात भालचंद्र लिहायचे. आम्ही घरी परत यायचो तेव्हा वही पूर्ण झालेली असायची.

माझी पहिली सहल हंपीची. तुंगभद्रेत पाटीसारखी गोल होडी असते, तिच्यात बसलेल्या प्रेमलताबाईंचा फोटो मी छापत होतो. पिवळी फेरी झाली, कागद पुढे सरकला आणि भालचंद्रांनी तो ओढून घेतला.

"अहो, थांबा की!" प्रेमलताबाई म्हणाल्या.

"झाला ना? बाहेर आला म्हणजे झाला." त्यांनी कागद उजेडात धरला. "अगं हेमा, तुझ्या आईला कावीळ झाली!"

हेमांगी हसून हसून खाटेवर बसली. मग तिने तोच फोटो पुन्हा छापला आणि या वेळी वडिलांचे दोन्ही हात धरून ठेवले. दोन्ही फोटो वहीत शेजारी-शेजारी लागले. एकाखाली भालचंद्रांनी लिहिलं, 'घाईचा फोटो. पिवळा असतानाच ओढला.' दुसऱ्याखाली लिहिलं, 'सबुरीचा फोटो.'

त्या सहलीत माझं फार कौतुक झालं. होडीवाल्याला त्याचा फोटो लगेच हातात मिळाला, तेव्हा त्याने तो आधी टोपीत ठेवला, मग काढून पुन्हा पाहिला. खानावळीतल्या आचाऱ्याने आमच्या ताटात जास्तीची भाजी वाढली. बसमधली मंडळी मला 'जादूची पेटी' म्हणायची. माझ्या लहानशा पोटात गरम झालेली पट्टी त्या दिवसांत क्वचितच गार व्हायची.

पुढच्या वर्षी आम्ही तारकर्लीला गेलो. हेमांगीने समुद्राचा फोटो छापला. तो मी मन लावून छापला होता. भालचंद्रांनी तो हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्याचं निळं संपलं, हेमा. समुद्र म्हणे! पेज सांडल्यासारखी दिसतेय."

"आजच नवी फीत घातली आहे, बाबा."

"मग दुकानदाराने फसवलं तुला."

"अहो, मला तर निळा दिसतोय," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"तुला तुझ्या लेकीचं सगळंच निळं दिसतं."

हेमांगीने माझे रूळ पुसले, फीत बदलली, निरनिराळे फोटो छापून पाहिले. माझा निळा रंग जागच्या जागी होता. खरं तर समोरचा समुद्रही त्यांना मळकटच दिसत होता, पण त्याचा दोष त्यांनी हवेला दिला. फोटोचा दोष द्यायला मी समोर होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत एक ओळही लिहिली नाही. "बिघडलेल्या फोटोखाली मी काय लिहू?" म्हणाले. घरी आल्यावर मी कपाटावर गेलो, आणि वही कपाटात.

मित्रांनो, कपाटावरून घरातलं सगळं ऐकू येतं. मला तिथे जे कळलं ते असं. त्याआधीच माणिकपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी भालचंद्रांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं होतं. फार उशीर केला तर तो कडक होतो आणि ऑपरेशन अवघड जातं, हेही सांगितलं होतं. भालचंद्र 'पावसाळ्यानंतर' म्हणाले. पावसाळ्यानंतर 'सुकेळी झाल्यावर' म्हणाले. मग दिवाळी आली, लग्नसराई आली. कुणी विषय काढला की ते सुई-दोरा मागायचे आणि चष्म्याशिवाय दोरा ओवून दाखवायचे. "हे आंधळ्याचं काम आहे का?"

दोरा खरोखरच ओवला जायचा. हेमांगीने एकदा समजावलं होतं की या प्रकारच्या मोतीबिंदूत काही काळ जवळचं उलट चांगलं दिसतं. डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा उजेड आत पोहोचत नाही. ते म्हणाले, "तुझ्या प्रयोगशाळेतलं तिकडेच ठेव." ती आपल्या कामाला लागली. ती जास्त बोलणारी नव्हती.

त्यांच्या हट्टामागे भीती होती. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच त्यांच्या आईला मोतीबिंदू काढायला नेलं होतं. तेव्हा डोळ्याला टाके घालत, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत आणि रोग्याला हलू देत नसत. म्हातारीला खोकल्याची उबळ आली. टाके सुटले आणि तो डोळा गेला. हे घरात कुणी बोलत नसे. एकदा विषय निघाला तसे भालचंद्र उठून वाडीत गेले, आणि मागे प्रेमलताबाईंनी हेमांगीला हे सांगितलं ते मी ऐकलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सुकेळी बिघडली. सालीवरची हिरवी झाक त्यांना दिसली नाही आणि अर्धकच्ची केळी मांडवावर गेली. ती वाळून कडक आणि तुरट झाली. शेजारची सेलिन दरवर्षी मस्कतच्या भावाला पेटीभर सुकेळी पाठवायची. ती दारातूनच बोलत आली.

"भालूदादा, भावाचा फोन आला. म्हणतो, बहिणी, ह्या वेळी सुकेळी संपली म्हणून चपलेचे तळ पाठवलेस काय?"

प्रेमलताबाईंना हसू आवरेना. भालचंद्र मात्र हसले नाहीत.

"ऊन कमी पडलं," ते म्हणाले.

"ऊन? आमचे पापड तर करपले!"

त्या दिवसापासून त्यांनी मांडवाकडे जाणं कमी केलं. ज्या कामात त्यांना कुणी टोकलं नव्हतं, ते काम त्यांच्या हातून निसटत होतं. पुढचा घड कुणी पाहायचा, हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. मी कपाटावर धूळ खात होतो आणि अजूनही माझ्यावर 'निळं संपलेला' हा शिक्का होताच.

मग एका रविवारी चर्चमधल्या मासवरून आल्यावर सेलिन पुन्हा आली.

"हेमांगी, तुझं ते फोटोचं मशीन चालतं का गं? आम्ही वेलंकनीच्या यात्रेला चाललोय. मलापण तुमच्यासारखी वही करायचीय."

"चालतं," हेमांगी म्हणाली.

"निळं नाही त्यात," आतून भालचंद्र म्हणाले.

हेमांगीने मला खाली काढलं, फडक्याने पुसलं. वही कशी करायची हे दाखवायला तिने हंपीची वही टेबलावर ठेवली. भालचंद्र येऊन खुर्चीत बसले. त्यांनीच पानं उलटायला सुरुवात केली. आपलं अक्षर पाहून ते थोडे खुललेही. एका पानावर त्यांचा हात थांबला.

"हा कोरा कागद कुणी चिकटवला इथे?"

त्यांनी तो बोटाने चाचपून पाहिला.

"हेमा, फोटो पडला का ह्यातला?"

"कोरा कुठे, दादा?" सेलिन पुढे वाकली. "थट्टा करता काय? होडी आहे. होडीत वहिनी आहेत."

भालचंद्रांनी वही डोळ्यांजवळ नेली. खालच्या ओळी काळ्या शाईच्या होत्या. त्या त्यांनी चष्म्याशिवाय, एकेक शब्द करत वाचल्या. 'घाईचा फोटो. पिवळा असतानाच ओढला.' अक्षर त्यांचंच होतं.

हेमांगी उठली. भेटीच्या पेटीवरचा पिवळा जिलेटिनचा कागद तिने ड्रॉवरमधून काढला, त्याची जाड घडी केली आणि सेलिनच्या डोळ्यांपुढे धरली.

"आता बघ."

"अगो बाय!" सेलिन ओरडली. "गेली! होडी गेली, वहिनी गेल्या!" तिने कागद बाजूला केला, पुन्हा धरला. "आली... गेली! मेरी माते, हे काय गं?"

"पिवळ्यातून पाहिलं की पिवळं दिसत नाही," हेमांगी म्हणाली. "पांढरं आणि पिवळं एकच होतं."

तिने वडिलांकडे पाहिलं नाही. त्याबद्दल मला तिचं फार कौतुक वाटतं. तिने कॅमेरा घेतला, वहीवर वाकलेल्या भालचंद्रांचा एक फोटो काढला आणि वायर मला जोडली.

मित्रांनो, कितीतरी दिवसांनी माझ्या पोटातली पट्टी तापली. यंत्राने नेहमीपेक्षा काही वेगळं दाखवलं तर त्याला बिघडलेलं ठरवायची घाई करू नका. धूळ पुसा, फीत पाहा, आणि दोष तिथे सापडला नाही तर आपल्याकडेही एकदा पाहा. डोळा हेसुद्धा एक यंत्रच आहे आणि त्यालाही वेळेवर निगा लागते. एवढंच मला सांगायचं होतं, आणि ते मी त्या दिवशी माझ्या पद्धतीने सांगायला लागलो.

पहिली फेरी झाली. कागद पुढे आला. भालचंद्र त्याच्याकडे टक लावून पाहत होते. त्यांचे हात मांडीवर होते.

"आला का पिवळा?"

"आला, बाबा."

"मला नाही दिसला," ते म्हणाले. असं त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं.

कागद आत गेला. किरमिजी फेरीत त्यांचा चेहरा उमटला, तो त्यांना दिसला. त्यांनी मान हलवली. मग सेलिनकडे वळून विचारलं, "तुझ्या आईचं झालं ना गेल्या वर्षी? वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या?"

"कसल्या पिशव्या, दादा! टाकेपण नाहीत आता. दुपारी रिक्षाने घरी आली नि म्हणते, सेलिन, ह्या घरात किती जळमटं गं! तोवर मला वाटायचं, आई कधी कुरकुर करत नाही."

प्रेमलताबाई पदराने डोळे पुसत हसल्या. "खोकली नाही ना?"

"खोकली, शिंकली, मला ओरडलीपण."

निळी फेरी झाली. कागद बाहेर आला तेव्हा जवळजवळ पूर्ण दिसत होता. आता कुणीही ओढला असता. भालचंद्रांचा हात उचलला गेला आणि पुन्हा मांडीवर टेकला. शेवटचा पारदर्शक थर बसेपर्यंत सगळे माझ्याकडे पाहत राहिले. मी फोटो सोडला. भालचंद्रांनी तो कडेने धरून उचलला, खिडकीशी नेला आणि बराच वेळ पाहिला. त्यातला त्यांचा सदरा निळा होता. तो त्यांना निळा दिसला की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

"ह्या बिचाऱ्याचं काही संपलेलं नाही," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. मग मुलीकडे वळले.

"हेमा, पुढचा घड पिकायच्या आत, डॉक्टरांना फोन लाव. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचंय."