आंबवलेल्या द्राक्षांची हळद

द्राक्षांची काढणी संपली तशी उज्वलाने घडांतून गळालेले मणी वेचले, गूळ घालून कॅनमध्ये आंबत ठेवले आणि महिन्याभराने गाळून चेहऱ्याला लावायचं पाणी तयार केलं. नाशिकला पार्लरचा कोर्स करताना ती हे शिकली होती. आधी स्वतःच्या हातावर लावून पाहिलं. खाज नाही, आग नाही, म्हटल्यावर नणंद वेदिकाने हट्टच धरला, "वहिनी, माझी हळद यातच कालवायची."

सासूबाईंनी, म्हणजे नवसाबाईंनी, नाक मुरडलं. "सडक्या द्राक्षांचं पाणी नवरीच्या तोंडाला? लोक शेण घालतील माझ्या तोंडात." घरभर वास सुटलाय म्हणत त्यांनी कॅन थेट बागेत, वेलींना घालायच्या शेण-गुळाच्या स्लरीच्या ड्रमशेजारी ठेवायला लावला. उज्वलाला वाईट वाटलं, पण लग्नघरात सासूशी कोण वाद घालणार!

हळदीच्या सकाळी ती कॅन आणायला गेली, तर तो उपडा पडलेला. शेजारी नवरा संतोष पाय धूत होता.

"यातलं पाणी कुठंय?"

"सोडलं की वेलींना. ड्रमापाशी होतं, मला वाटलं स्लरीच हाय. वास पण तसलाच."

बागायतदाराच्या घरात आंबलेलं काहीही म्हणजे वेलींचं खाणं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? तरी उज्वलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिच्या हातचं काही इतक्या हौसेने पहिल्यांदाच कुणी मागितलं होतं.

मांडवात हळद कालवायला बायका जमल्या. उज्वला खाली मान घालून म्हणाली, "वेदिका, ते पाणी राहिलं नाय गं. दुधातच कालवू." नवरीचं तोंड एवढंसं झालं.

नवसाबाई आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आल्या त्या पदराआड तेलाची जुनी बाटली घेऊन. बाटलीत तेच पाणी होतं, पण निम्म्याच्याही खाली गेलेलं.

"आई, तुम्ही?"

"कॅन बाहेर काढायच्या आधी घेतलं थोडं. बघावं म्हटलं."

सगळ्यांच्या नजरा त्यांच्या गालांवर गेल्या. आठवडाभर येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारत होती, "नवसाबाई, लय तुकतुकीत दिसताय?" आणि या सांगत होत्या, लेकीच्या लग्नाचा आनंद हाय!

वेदिका खो खो हसत सुटली. उज्वलाने आनंदाने बाटली हळदीच्या ताटात तिरपी केली, तेवढ्यात सासूने तिचं मनगट धरलं.

"सगळी नको ओतू. संध्याकाळी मला विहीणबाईंसमोर बसायचंय."