पान्यांच्या पेटीतल्या चौदा बाटल्या

गोदीत त्याला सगळे पैलवान म्हणत. वय त्रेपन्न, डोकं तुळतुळीत, आणि छाती अशी की शर्टाचं तिसरं बटण कायम काळजीत. चाळीस मीटर उंच क्रेनची शिडी तो एका दमात चढायचा आणि वर केबिनमध्ये बसून वायरलेसवर ओरडायचा, "गोळ्या खाणाऱ्यांनी बाजूला व्हा रे, वाऱ्याने उडाल!" खाली कोणी नुसतं शिंकलं तरी ह्याचं भाषण सुरू. आमच्याकडे औषध नावाचा प्रकार नाही, घरचं जेवण दोन वेळा, बस्स.

खरं सांगायचं तर गडी एक नंबरचा थापाड्या होता. घरी बाल्कनीत नट-बोल्ट पिळायच्या पान्यांची पेटी होती आणि तिच्यात चौदा बाटल्या. एक हृदयाला, एक हाडांना, एक यकृताला, एक स्मरणशक्तीला, आणि एक कशाला ते विकणाऱ्यालाही धड सांगता आलं नव्हतं. पितळ उघडं पडू नये म्हणून पठ्ठ्याने सगळी लेबलं खरवडून नुसते आकडे टाकले होते. सकाळी बायको आंघोळीला गेली की हा बाल्कनीत जाऊन मूठभर गोळ्या घशात ढकलायचा.

कारण साधं होतं. तो घाबरला होता. त्याचे वडील एकावन्नाव्या वर्षी चहा पिता पिता गेले, आधी साधं डोकंही दुखलं नव्हतं. पैलवानाला एकोणपन्नासावं लागलं आणि त्याची पाचावर धारण बसली. आजार यायच्या आधीच त्याची वाट अडवायची, असं त्याने ठरवलं, आणि अडवायला सगळं दुकानच उचलून आणलं.

चौदावी बाटली केसांची होती. हसायचं काम नाही. दोन बाटल्यांवर एक फुकट मिळालेली, आणि फुकटची टाकवते कोणाला! वाया जाऊ नये म्हणून तो तिच्यातल्या रोज सहा खायचा, आणि संपली की पुन्हा दोन घेऊन एक फुकट आणायचा.

त्या वर्षीच्या तपासणीत गोदीच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला.

"थायरॉईड भलतंच धावतंय तुमचं. अशात छाती धडधडते, हात कापतात. तीस टन माल माणसांच्या डोक्यावर टांगून मी तुम्हाला वर बसू देणार नाही."

"माझे हात? कापतात?" पैलवानाने हात पुढे केले. आता मात्र ते कापत होते.

केबिन बंद झाली. आजार खरा निघाला तर कदाचित कायमची. सव्वीस वर्षं वरून जग बघितलेल्या माणसाला गोदामात खोकी मोजायला बसवलं, आणि त्याला अक्षरशः रडू आलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी घरच्या माणसाला घेऊन यायला सांगितलं.

बायको शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. अर्धी रजा टाकून आली. खोलीचं दार सताड उघडं, बाहेर बाकांवर अख्खी दुपारपाळी नंबर लावून बसलेली.

"काही गोळ्या, पावडरी घेता का?" बाईंनी विचारलं.

"छे हो! आमच्याकडे औषध नावाचा..."

"चौदा बाटल्या आहेत," बायको म्हणाली.

पैलवान गर्रकन बायकोकडे वळला. बाहेरचे बाकांवरून दाराकडे सरकले.

"तुला कसं कळलं?"

"पाने असे खुळखुळतात होय? चार वर्षं ऐकतेय मी."

मग काय करतो बिचारा! केबिन हवी तर बोलणं भाग होतं. एकपासून सुरुवात करून त्याने घडाघडा सगळं ओकलं. चौदावर आल्यावर आवाज इतका खाली गेला की बाईंना दोनदा विचारावं लागलं.

"केसांची? रोज सहा?" बाई हसू दाबत म्हणाल्या. "अहो, त्यात बायोटिन असतं. एवढं रक्तात असलं की तपासणीचं मशीन गंडतं आणि भलते आकडे दाखवतं. सगळं बंद करा. आठवड्याने पुन्हा रक्त देऊ."

"पैलवान, उगवले की सांगा," बाहेरून कोणीतरी ओरडलं, "कंगवा आणतो!"

तो आठवडा त्याने कसा काढला त्याचं त्यालाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी हृदय, हाडं आणि यकृत एकदमच गेल्यासारखं वाटलं. स्मरणशक्ती शाबूत होती, म्हणून ते सगळं लक्षातही राहिलं.

रिपोर्ट आला तो स्वच्छ.

"मग बाकीच्या तेरांचं काय?" त्याने विचारलं.

"ड जीवनसत्त्व कमी आहे तुमचं, त्यासाठी हाडांची तेवढी एक ठेवा. बाकीचा माल तुम्ही चार वर्षं संडासातून समुद्राला पोचवलात."

केबिनची चिठ्ठी खिशात घालून तो बायकोबरोबर बाहेर पडला. जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे लगेच आवाजही चढला.

"तुला माहीत होतं तर चार वर्षं गप्प का बसलीस? सरळ विचारायचंस!"

बायको चालता चालता थांबली.

"लेबलं खरवडलेल्या बाटल्या, त्याही लपवून ठेवलेल्या. मामंजी तसे गेलेले. मला काय वाटलं असेल? मी रोज कामावरून आले की आधी दाराला कान लावायचे. तुमचा खोकला नाहीतर भांड्याचा आवाज आला की मगच किल्ली लावायचे."

"अगं, पण मग विचारायचं ना, काही मोठं दुखणं आहे का म्हणून!"

"आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर?"