पूजेत बसवलेली औषधपेटी

मी काचीगुड्याच्या हुतूतू संघाची औषधपेटी बोलतेय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. माझ्या पोटात टिंक्चर आहे आणि डोक्यात हणमंतराव.

माझा जन्म बेगम बाजारातला. एका पत्रेवाल्याने तुपाचा डबा कापून मला घडवलं, कडी लावली, झाकणावर तांबडी फुली काढली. मला संघात आणलं चतुराबाईने. ती दवाखान्यात नर्स, आणि तिचा धाकटा भाऊ वसंत संघातला सर्वांत चपळ गडी. कापूस, पट्ट्या, कात्री, टिंक्चरची बाटली, सगळं तिने आपल्या हाताने भरलं आणि गड्यांना बजावलं, "रक्त दिसलं की आधी उकळलेल्या पाण्याने धुवायचं, मग टिंक्चर."

रझाकारांच्या दिवसांत खेळ बंदच होता. पोलीस अ‍ॅक्शन झाली, तिरंगा चढला आणि स्टेशनमागचं आमचं मैदान पुन्हा घुमू लागलं. पण संघाचे म्होरके हणमंतराव जुन्या तालमीतले. "जखमेला मैदानाची माती लावायची. आम्ही काय टिंक्चर पिऊन मोठे झालो?" असं म्हणून मिशीवर हात फिरवायचे.

त्याच साली खंडेनवमी आली. हत्यारं-अवजारं पूजेत मांडायची आणि दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत, ही रीत. हणमंतरावांनी लेझमा मांडल्या, शिट्टी मांडली आणि शेजारी मलाही बसवलं. हळदकुंकू, झेंडूचा हार! मी खुळी फुशारून गेले.

संध्याकाळी सुलतान बाजारच्या संघाशी सामना. शिट्टी पूजेत, म्हणून पंच तोंडानेच ओरडत होता. वसंत रेषेकडे झेपावला आणि त्याचा गुडघा मातीतल्या फुटक्या काचेवर आपटला. रक्ताची धार लागली. चतुराबाई दवाखान्यात होती. उमाजी नावाचा गडी माझ्याकडे धावला.

"ठेव खाली!" हणमंतराव गरजले. "पूजेतलं हलवतोस? हौला झाला का रे, डोकं फिरलं का? माती लाव, काय होत नाही."

टांग्यांचे घोडे जिथे लीद टाकत, तिथली मूठभर माती त्या जखमेत भरली. माझ्यापासून पाच पावलांवर. अक्का रागावेल म्हणून वसंतने जखम तिच्यापासून लपवली. आठव्या दिवशी त्याची दातखीळ बसली. धनुर्वात. दहाव्या दिवशी तो गेला.

हणमंतराव सांगत फिरले, "त्याचं आयुष्यच तेवढं होतं." ते ऐकून मी पेटले. एवढी वर्षं लोकांच्या जखमा भरून याव्यात म्हणून बसलेली मी, देवाकडे रोज एकच मागू लागले: या माणसाला लागू दे.

फाल्गुनात लागलं. मैदान सारखं करताना त्यांनी स्वतःच्याच पायावर कुदळ मारून घेतली. "माती नको!" ते किंचाळले. "पेटी आणा! चतुराबाईला बोलवा!"

चतुराबाई आली. जखम तिने नीट धुतली, कारण तिच्या हातांना दुसरं येतच नाही. मग टिंक्चरची बाटली हातात धरून थांबली. सारा संघ भोवती उभा होता.

"आधी सांगा, माझा वसंत कशाने गेला?"

"बाई, आधी औषध तर..."

"सांगा."

हणमंतरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीच मदतीला येईना. "माझ्या हट्टाने," ते खाली मान घालून म्हणाले. "पेटी जवळ होती. मी उघडू दिली नाही."

मग तिने बाटली तिरकी केली.

मला क्षमा वगैरे शिकवू नका. माझं समाधान अजून झालेलं नाही, होणारही नाही. आता माझा रंग उडालाय, कडी सैल झालीय. तरी सांगून ठेवते, मला हार घालू नका, हात जोडू नका. नवमी असो की ग्रहण, रक्त दिसलं की मला उघडा.

टिंक्चर लागताच हणमंतराव लहान पोरासारखे ओरडले. त्या नवमीला वसंतही असाच ओरडला असता, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला घरोघर आपट्याची पानं वाटत फिरला असता.